फर्स्ट कॉपी पर्स ऑनलाइन घेताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवार पेठेत आमचं पर्स-बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि नवरा बघतो. चेन बदलणं, अस्तर घालणं, हँडल शिवणं ही आमची रोजची कामं. पण गेली काही वर्षं दुकानाच्या व्हॉट्सॲपवर दुरुस्तीपेक्षा "ताई, ही ओरिजिनल आहे का बघा ना" असेच मेसेज जास्त येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायद्याच्या उत्तरांवरून माझ्या दिराने एकदा हात फिरवलाय, तो वकील आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात असेल तर तिथे फक्त प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. फर्स्ट कॉपी, मास्टर कॉपी, मिरर क्वालिटी, सेव्हन ए, टेन ए... यात नेमका फरक काय?

किमतीचा. सगळ्या मोठ्या ब्रँडच्या पर्सच्या नकलाच. ही नावं कुठल्या संस्थेने ठरवलेली नाहीत, विकणाराच ठरवतो. सोन्याला हॉलमार्क असतो, तसं इथे काही नाही.

एकदा एकाच आठवड्यात दोघीजणी सारखीच पर्स घेऊन आल्या. एकीने "फर्स्ट कॉपी" म्हणून साडेतीन हजारांना घेतलेली, दुसरीने "मिरर" म्हणून अकरा हजारांना. दोन्हींची बक्कलं उघडून शेजारी ठेवली. आतल्या बाजूला साच्याचा एक बारीक उंचवटा राहून गेला होता, दोन्हींत अगदी त्याच जागी. म्हणजे साचा एक, आणि बहुतेक कारखानाही एकच. साडेसात हजार रुपये गेले ते फक्त नावाचे. अकरा हजारवाल्या ताईंना हे सांगायचं की नाही, असा प्रश्न मला पडला होता. सांगितलं.

२. लोगो नसेल, फक्त डिझाइन तसंच असेल, तर ती पण नकलीच का?

तशी पर्स दोन प्रकारची असते. चौकोनी पर्स, साखळीचा पट्टा, शिवणीचे चौकटीचे टाके अशा गोष्टी सर्रास वापरल्या जातात. कुठल्याही दुकानात हजार-पंधराशेला स्वतःच्या नावाने विकली जाणारी अशी पर्स घेण्यात काही गैर नाही. माझ्याकडेही आहे.

पण काही पर्सचा आकारच त्या कंपनीची ओळख बनलेला असतो. हर्मेस या फ्रेंच कंपनीची बर्किन ही पर्स १९८४ साली आली. तिची झाकणाची ठेवण, पुढचे दोन पट्टे आणि कुलूप लांबूनही ओळखू येतं. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बर्किनचा हा आकारच सुप्रसिद्ध ट्रेडमार्क असल्याचं मान्य केलं. त्यामुळे "लोगो काढलाय, आता काही प्रॉब्लेम नाही" हे विक्रेत्याचं बोलणं सगळीकडे लागू पडत नाही. हा त्रास मुख्यतः विकणाऱ्याला. घेणाऱ्याचं काय, ते प्रश्न १० मध्ये.

३. दिसायला तर हुबेहूब आहे. मग टिकायला काय धाड भरलीये?

आमच्या टेबलावर येणाऱ्या कॉपी पर्स तीन ठिकाणी मार खातात.

पहिलं म्हणजे वरचं कातडं. "प्युअर लेदर" म्हणून घेतलेल्या बहुतेक पर्स पीयूच्या निघतात, म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर. हवेतला दमटपणा हा थर हळूहळू तोडत जातो. मुंबईत, कोकणात, गोव्यात दोन पावसाळे कपाटात काढले की हँडलच्या वळणावर पापुद्रे सुटायला लागतात. वापरली नाही म्हणून वाचते असंही नाही. असे पापुद्रे आले की दुरुस्ती होत नाही. वरून रंग मारून देणारे भेटतील, पण महिन्याभरात तो रंग तुमच्या पांढऱ्या कुर्त्यावर येईल.

दुसरं, सोल्यूशन. जिथे शिवण हवी तिथे चिकटवलेलं असतं आणि वर नुसता शोभेचा टाका. पर्स उन्हात उभ्या गाडीत राहिली की कडा उघडतात.

तिसरं, धातूचं सामान. चेनचा रनर, कडी, साखळी हलक्या ओतीव धातूची, वर सोनेरी मुलामा. मुलामा उडाला की खालचा करडा रंग दिसतो. काहींना मानेवर, खांद्यावर साखळी घासते तिथे खाज आणि पुरळही येतं. निकेलची ॲलर्जी असेल तर हे जास्त होतं. तसं झालं तर साखळी बदलून घ्या, ते काम स्वस्तात होतं.

हेही खरं की काही कॉपी चांगल्या बनवलेल्या असतात. खरं लेदर, नीट शिवण. अशा मी पाहिल्या आहेत. पण तुम्ही फोटो बघून पैसे भरता तेव्हा तशीच तुमच्या वाट्याला येईल, याची हमी कोणी देत नाही. आणि पुढची बरीच उत्तरं या हमीभोवतीच फिरतात.

४. फोटो पाठवते, खरी की खोटी सांगाल का?

फोटोवरून "खोटी" सांगता येतं, "खरी" सांगता येत नाही. विक्रेत्याने पाठवलेले फोटो तर निरुपयोगीच, कारण ते अस्सल पर्सचेच असतात. येते ती पर्स वेगळी.

हातात असेल तर मी काय बघते ते सांगते. लुई वितों कंपनीच्या नेहमीच्या तपकिरी मोनोग्राम पर्सचं (आद्याक्षरं-फुलांच्या नक्षीची ती) अंग चामड्याचं नसतंच. ते लेप दिलेलं कापड असतं. त्या तपकिरी पर्सखाली "शंभर टक्के लेदर मोनोग्राम" अशी जाहिरात दिसली की तिथेच थांबा. त्यांच्या बऱ्याच मॉडेल्सची हँडलं मात्र कच्च्या, फिकट चामड्याची असतात. हाताचं तेल आणि ऊन लागून ती वर्षभरात मधासारख्या रंगावर येतात. कॉपीत हा रंग पहिल्या दिवसापासून नारिंगी असतो, किंवा पाच वर्षांनीही फिकाच राहतो.

हर्मेसची शिवण हाताची. एकच मेणाचा दोरा, दोन्ही टोकांना सुया, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी. त्यामुळे टाके किंचित तिरके पडतात. मशीनचा टाका सरळ रेघेत, एकसारखा असतो. हा फरक भिंगाशिवायही दिसतो, एकदा नजर बसली की.

गंमत म्हणजे लुई वितोंचं हे मोनोग्राम जन्मालाच आलं ते नकला रोखण्यासाठी. १८८८ च्या चौकटीच्या डिझाइनचीही नक्कल होत होती, म्हणून संस्थापक लुईंचा मुलगा जॉर्ज याने १८९६ मध्ये आद्याक्षरं आणि फुलांची ही नक्षी काढली. आज जगात सगळ्यात जास्त नकला होणाऱ्या नक्षींमध्ये तिचं नाव येतं.

५. सोबत ऑथेंटिसिटी कार्ड, डस्टबॅग, बॉक्स, बिल, सिरीयल नंबर सगळं देतायत. तरी शंका घ्यायची?

जास्त घ्यायची. लुई वितों आणि हर्मेस असं कार्ड देतच नाहीत. म्हणजे त्यांच्या पर्ससोबत "ऑथेंटिसिटी कार्ड" आलं, तर तेच नकलीपणाचा पुरावा. शनेल पूर्वी द्यायची, आतल्या स्टिकरवरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर जुळायचा. २०२१ पासून तिथे आत धातूची छोटी पट्टी आणि चिप असते. लुई वितोंनेही २०२१ पासून आतले कोड बंद करून चिप बसवायला सुरुवात केली. त्याआधीचा तो कोड तरी काय, कुठे आणि कधी बनली एवढंच सांगायचा. एकच कोड कित्येक पर्सवर असायचा. त्यामुळे "कोड जुळतोय" याला अर्थ नाही, कॉपीवाले तोही छापतात.

बॉक्स आणि फितीचं तर सोडूनच द्या. रिकामे अस्सल बॉक्ससुद्धा वेगळे विकले जातात.

बिल मात्र तपासता येतं, ते पुढच्या प्रश्नात.

६. इन्स्टाग्रामवर पन्नास हजार फॉलोअर्स आहेत, रिव्ह्यू पण चांगले आहेत. पेज भरवशाचं आहे की नाही, कसं तपासू?

फॉलोअर्स विकत मिळतात. रिव्ह्यूचे स्क्रीनशॉट घरी बनतात. त्यापेक्षा कंटाळवाण्या गोष्टी बघा.

जीएसटी क्रमांक मागा. तो पंधरा अक्षर-आकड्यांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता तो टाकून बघता येतो. समोर नाव येतं. एका मुलीने मला पाठवलेल्या बिलावर "मुंबई" लिहिलं होतं, क्रमांक ०७ ने सुरू होत होता म्हणजे दिल्लीचा, आणि पोर्टलवर तो निघाला प्लायवूडच्या दुकानाचा.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार ऑनलाइन विक्रेत्याचं नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव दिसायला हवं. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात, असंही त्यात आहे. आयात मालावर मूळ देश आणि आयातदाराचं नाव-पत्ता हवा. "डीएम फॉर प्राइस" एवढंच लिहिलेल्या पेजवर यातलं काहीच सापडत नाही, कारण सापडू नये अशीच रचना असते.

आणि किंमत. लुई वितों सेल लावत नाही. "वेअरहाउस क्लिअरन्स, सत्तर टक्के सूट" हे वाक्य त्या नावापुढे दिसलं की पुढचं वाचायची गरज नाही.

७. यूपीआयने पैसे भरले. आता पेजने ब्लॉक केलंय. काय करू?

हे वाचत असाल तर आधी १९३० ला फोन लावा, मग परत या. ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे काढले जाण्याआधी कळवलं, तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. म्हणून इथे तास मोजायचे, दिवस नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेला कळवा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (पैसे भरल्यावर त्या व्यवहाराला मिळतो तो नंबर), चॅट, पेजच्या नावाचा आणि लिंकचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. पेज नाव बदलतं, म्हणून लिंक महत्त्वाची.

आणि यानंतर "रिफंड विभागातून" फोन येईल. क्यूआर स्कॅन करा, पिन टाका म्हणतील. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. एका ताईंचे पहिले चार हजार गेले होते, ते परत मिळवताना आणखी एकोणीस हजार गेले. हे सांगताना त्या दुकानात माझ्याशी न बोलता काउंटरवरच्या रनरच्या डबीशी बोलत होत्या. फसवणूक झालेली माणसं बरेचदा अशीच बोलतात. लाजू नका. नवऱ्याला सांगायचं नसेल तर नका सांगू, पण १९३० ला सांगा.

कार्डाने भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे परत फिरवून, मागता येतो. यूपीआयपेक्षा कार्ड त्या बाबतीत बरं.

८. कॅश ऑन डिलिव्हरी घेतली तर धोका नाही ना?

कमी आहे, संपत नाही. बहुतेक ठिकाणी आधी पैसे, मग पार्सल उघडायचं. आतून जुनी ओढणी निघाली तरी डिलिव्हरीवाला मुलगा काही करू शकत नाही, त्याच्यावर ओरडू नका. शक्य असेल तर उघडून दाखवण्याची सोय असलेलीच डिलिव्हरी निवडा. नाहीतर पावतीवरचा पत्ता दिसेल अशा बेताने, न थांबवता, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. तुम्ही न मागवलेलं सीओडी पार्सल आलं तर घेऊच नका, घरातल्या आजी-आजोबांनाही सांगून ठेवा.

९. परदेशातून मागवली तर कस्टम्स पकडतं का? आणि "पार्सल अडकलंय" असा फोन आला तर?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आयातीतल्या नकली मालासाठी भारतात २००७ चे नियम आहेत. कंपनी आपला ट्रेडमार्क कस्टम्सकडे नोंदवते आणि संशयित माल अडवला जातो. नकली ठरला तर नष्ट होतो. याला अपवाद आहे: स्वतःच्या सामानातून आणलेल्या किंवा स्वतःच्या वापरासाठी आलेल्या लहान, बिनव्यापारी वस्तूंना हे नियम लागू नाहीत. पण याचा अर्थ पार्सल बिनदिक्कत येतं असा नाही. शुल्क लागतंच. आणि परदेशी विक्रेते पार्सलवर "खेळणी, दहा डॉलर" लिहून पाठवतात. खोटं वर्णन आणि खोटी किंमत हे जप्तीसाठी स्वतंत्र कारण आहे. "गिफ्ट" लिहिल्यानेही सुटका नाही. डिसेंबर २०१९ पासून पोस्ट-कुरिअरने गिफ्ट म्हणून शुल्कमाफी मिळते ती जीव वाचवणारी औषधं आणि राख्यांना. पर्स राखीत बसत नाही.

फोनचं म्हणाल तर, कस्टम्स अधिकारी फोन करून वैयक्तिक खात्यात पैसे मागत नाहीत. खऱ्या पत्रव्यवहारावर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. "तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, व्हिडिओ कॉलवर राहा" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. कॉपी पर्स मागवलेली बाई आधीच धास्तावलेली असते, म्हणून हा फोन तिच्यावर जास्त चालतो. तुमचा नंबर, पत्ता आणि काय मागवलंय हे त्यांना कुठून कळलं, याचा विचार करा.

१०. कॉपी विकत घेणं हा गुन्हा आहे का? खरं खरं सांगा.

भारतात स्वतःच्या वापरासाठी एखादी घेतली तर तुम्हाला अटक वगैरे होत नाही. ट्रेडमार्क कायदा, १९९९ मधली कलमं १०३ आणि १०४ ही बनवणाऱ्यावर, विकणाऱ्यावर, विक्रीसाठी मांडणाऱ्यावर किंवा विक्रीसाठी बाळगणाऱ्यावर आहेत. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. घेणारा त्यात नाही.

परदेशात चित्र वेगळं आहे, त्यासाठी प्रश्न १४.

११. मी मैत्रिणींच्या ग्रुपवर रीसेल करते. "कॉपी आहे" असं स्पष्ट सांगूनच विकते. मग चालतं ना?

नाही. हा मेसेज सगळ्यात जास्त गृहिणींकडून आणि कॉलेजच्या मुलींकडून येतो, आणि हेच उत्तर त्यांना सगळ्यात जास्त टोचतं.

गिऱ्हाइकाला फसवलं नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण ट्रेडमार्क दुसऱ्याचा आहे आणि तुम्ही तो लावलेला माल विकताय, गुन्हा तिथे आहे. "मी फक्त फोटो फॉरवर्ड करते, माल थेट होलसेलर पाठवतो" यानेही फारसा फरक पडत नाही, पैसे तुमच्या खात्यात आलेत. कायदा विक्रेत्याला एक वाट ठेवतो: पुरेशी काळजी घेतली होती, चिन्ह खोटं असल्याची शंका यायचं कारण नव्हतं आणि माल कोणाकडून घेतला ते सांगितलं, हे सिद्ध करणं. ग्रुपवर "फर्स्ट कॉपी" लिहिलेलं असताना शंका नव्हती हे कसं सिद्ध करणार?

दुसऱ्यांदा दोषी ठरलं तर किमान शिक्षा एक वर्ष होते. सुरतच्या साड्या विका, धारावीच्या लेदर पर्स विका, कष्ट तेवढेच आणि रात्री झोप लागते.

१२. लग्नात भाड्याने द्यायला ठेवल्या तर? आणि माझी स्वतःची वापरलेली कॉपी विकून टाकली तर?

भाड्याने देणं कलम १०४ मध्ये विकण्याच्या शेजारीच लिहिलेलं आहे. नववधूचं भाड्याचं सामान देणाऱ्या बऱ्याच जणींना हे माहीत नसतं. दागिन्यांची गोष्ट वेगळी, ते कोणाच्या ब्रँडच्या नावाने नसतात.

वापरलेली एकच पर्स विकणं हीसुद्धा विक्रीच. त्यामुळे पोलीस येतील असं मी म्हणत नाही, पण जुन्या वस्तूंच्या ॲपवर टाकलीत तर पोस्ट काढली जाईल, खातंही बंद होऊ शकतं. आणि "ओरिजिनल" लिहून टाकलीत तर मग ती सरळ फसवणूक.

१३. तक्रार कुठे करायची? मला अस्सल म्हणून विकली. / मला माहीत होतं कॉपी आहे, पण आठवड्यात फाटली.

हे दोन प्रश्न मुद्दाम एकत्र घेतलेत, कारण त्यांच्यातलं अंतर म्हणजेच या सगळ्या भानगडीचं मूळ आहे.

अस्सल म्हणून विकली असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये खोटा माल खरा म्हणून विकणं स्पष्टपणे धरलंय. आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीत असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, ऑनलाइन दाखल करता येते. मुदत दोन वर्षं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, "१००% ओरिजिनल" म्हटलेलं चॅट आणि पैसे भरल्याची नोंद, या तीन गोष्टी हव्यात.

माहीत असून कॉपी घेतली असेल तर काय सांगणार? "कॉपी नीट नव्हती"? बिल नाही, वॉरंटी नाही, विक्रेत्याचं खरं नाव नाही. शिवाय बेकायदा वस्तूच्या सौद्याला १८७२ च्या करार कायद्याचं कलम २३ आडवं येतं. पैसे घेऊन काहीच पाठवलं नाही, तर ती फसवणूक आहे आणि तिची तक्रार तुम्ही जरूर करू शकता, प्रश्न ७ प्रमाणे. पण दर्जाबद्दल भांडायला तुम्ही जागाच ठेवलेली नसते. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं. एका पेजवाल्याने माझ्या गिऱ्हाइकाला लिहिलेलं उत्तर मी वाचलंय: "मॅडम, कॉपी का कंप्लेंट किधर करोगे?" त्याच्या धंद्याचा पाया त्या एका ओळीत आहे. साडेतीन हजारांत पर्स येते, सोबत तुमचं तोंडही बंद होऊन येतं.

१४. युरोप टूरला जातोय, माझी कॉपी पर्स नेऊ का? मुलगी अमेरिकेत आहे, तिला पाठवू का?

फ्रान्स आणि इटली असेल तर घरी ठेवा. फ्रान्समध्ये नकली वस्तू जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. कायद्यात कमाल शिक्षा तीन वर्षं कैद आणि तीन लाख युरो दंड आहे. प्रत्येक पर्यटकाला ती होते असं नाही, पण विमानतळावर पर्स काढून घेतली जाऊ शकते आणि दंड होऊ शकतो. इटलीत रस्त्यावर नकली वस्तू विकत घेणाऱ्यालाही सात हजार युरोपर्यंत दंड आहे, म्हणून तिथल्या फूटपाथवरची पर्स "स्वस्त पडली" म्हणून घेऊ नका.

अमेरिकेत प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी एका प्रकारची एक नकली वस्तू सोबत आणायला सूट आहे, तीही तीस दिवसांत एकदाच. सोबत हा शब्द महत्त्वाचा. कुरिअरने पाठवलेल्या पर्सला ती सूट नाही. मुलीला चकल्या पाठवा.

१५. मोठ्या कंपन्यांच्या पर्स चीनमध्येच बनतात म्हणे, त्याच फॅक्टरीतून थेट स्वस्तात मिळतात. ते रील्स खरे आहेत का?

२०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिका-चीन आयातशुल्काची भांडणं पेटली तेव्हा या रील्सचा पूर आला. लेबल नसलेली बर्किन, हजार-दीड हजार डॉलरमध्ये, "आम्हीच बनवतो". हर्मेस आपल्या पर्स फ्रान्समधल्या स्वतःच्या कार्यशाळांत बनवते. रीलमध्ये दिसत होता तो कॉपीचाच कारखाना.

पण या प्रश्नामागचा राग मला कळतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. जून २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने डिऑरच्या पर्स बनवून घेणाऱ्या इटालियन कंपनीवर देखरेख बसवली. तपासात निघालं की एका ठेकेदाराला एका पर्समागे ५३ युरो मिळत होते, कच्चा माल सोडून. दुकानात ती पर्स २,६०० युरोंना. कामगार रात्रंदिवस कारखान्यातच. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती देखरेख मुदतीआधी उठली. तेव्हा अस्सल म्हणजे चोख आणि नकली म्हणजे पाप, असं मी म्हणणार नाही. इटलीत निदान न्यायालय आत जाऊन बघू शकलं. तुमची पर्स कुठल्या शेडमध्ये, किती वर्षांच्या मुलाने चिकटवली, हे बघायला कोणीही जात नाही.

१६. त्यांनी आपली कोल्हापुरी उचलली, तेव्हा कुठे गेला कायदा? मग आपण त्यांची पर्स का नको?

हा प्रश्न जुलै २०२५ पासून येतोय आणि प्रत्येक वेळी मला हसू येतं, कारण पहिल्यांदा वाचला तेव्हा मीही मनात "बरोबर आहे" म्हटलं होतं. इटलीच्या प्राडा कंपनीने जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. आरडाओरड झाली, त्यांनी मान्य केलं, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून इथेच दोन हजार जोड बनवून घ्यायचं ठरवलं. किंमत आठशे युरोंच्या आसपास.

आपण भांडू शकलो, कारण आपल्याकडे नाव नोंदवलेला कागद होता. नकली प्राडा घेऊन कोल्हापूरच्या कारागिराच्या हातात एक रुपयाही पडत नाही. पडतात ते प्रश्न ६ मधल्या प्लायवूडवाल्याच्या क्रमांकावर धंदा करणाऱ्याच्या हातात. सूडच उगवायचा तर हाताने शिवलेली कोल्हापुरी घ्या. आणि तीही नीट बघून, कारण कोल्हापुरीच्या रेक्झिनच्या कॉप्या ऑनलाइन ढिगाने आहेत.

१७. नणंदेने दुबईहून आणलेली पर्स भेट दिली. खरी आहे का तपासून द्याल?

तपासून देईन, पण आधी मी विचारते: कळून काय करणार? विकायची किंवा विम्यात दाखवायची असेल तर तपासा, आणि तेही माझ्याकडे नाही. जुन्या ब्रँडेड पर्सचा धंदा करणारे पैसे घेऊन लेखी अभिप्राय देतात, तिकडे जा. कंपनीच्या शोरूममध्ये खरी-खोटी सांगायची सोय सहसा नसते, दुरुस्तीला मात्र ते नकली घेत नाहीत. नुसतं मनात असेल तर सोडून द्या. मी एकदा "नाही हो, ही कॉपी आहे" असं पटकन बोलून गेले आणि शेजारी ती देणारी नणंदच उभी होती. तिलाही माहीत नव्हतं, तिने पूर्ण किंमत मोजली होती.

१८. बजेट पाच हजार आहे आणि चांगलीच पर्स हवी आहे. मग घ्यावं तरी काय?

पाच हजारांत नावाशिवायची उत्तम लेदरची पर्स मिळते. धारावीच्या, कोलकात्याच्या किंवा चेन्नईच्या बनावटीची, बिलासकट. कडेला बघा: खऱ्या चामड्याच्या कापलेल्या कडेला तंतू दिसतात, पीयूला कापडाचा थर. आत हात घालून अस्तर ओढून बघा, चेन दहा वेळा मागेपुढे करा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

१९. घेऊन बसलेच आहे. कॉपी पर्स तुम्ही दुरुस्त करता का?

करतो. चेन, रनर, अस्तर, हँडल, उसवलेली शिवण, सगळं. पर्स काय आहे हे आम्ही विचारत नाही आणि गल्ल्यावर मोठ्याने बोलतही नाही. पडलेला लोगो परत बसवून देत नाही, नवा लोगो आणून दिलात तरी नाही. पापुद्रे सुटलेल्या पीयूला हात लावत नाही. अशी पर्स आली तर नवरा तिची साखळी आणि कड्या काढून वेगळ्या पुडीत बांधून देतो, दुसऱ्या पर्सला उपयोगी पडतात. मंगळवारी दुकान बंद असतं.